ऑफसाइड आणि आपली शालेय मैदानं

शालेय फुटबॉलचा मोसम आपल्याकडे पावसाबरोबरच येतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की पाठोपाठ सुब्रतो मुखर्जी चषकाच्या जिल्हा स्पर्धेचं पत्र येतं, मग क्रीडा खात्याच्या 14, 17 आणि 19 वर्षांखालील शालेय स्पर्धा. हदगावचा संघ साठ-सत्तर किलोमीटरवरच्या नांदेडला जातो, तिथे निभावलं तर लातूर विभाग आणि नशीब जोरावर असेल तर राज्य. या वाटेवर पहिल्याच सामन्यात बाद झालेल्या एखाद्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाला विचारून पाहा, काय झालं म्हणून. उत्तर ठरलेलं असतं: "गोल होता हो, ऑफसाइड दिला." नाहीतर, "ढळढळीत ऑफसाइड होता, दिला नाही."

फुटबॉलमध्ये भांडायला बाकीही कारणं आहेत. पण चेंडू हाताला लागला तर तो लागताना दिसतो, धक्का मारला तर पोरगं चिखलात पडलेलं असतं. ऑफसाइडचं तसं नाही. तो एका क्षणाचा हिशोब आहे आणि आपण बोट दाखवेपर्यंत तो क्षण सरलेला असतो, माणसं जागा सोडून गेलेली असतात. म्हणून हा वाद मिटत नाही. त्यातून विभाग-राज्य पातळी गाठली की दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, त्यामुळे पालकही हिरिरीने उतरतात.

आधी नियम सरळ सांगून टाकतो, कारण तो जितका अवघड म्हणून सांगितला जातो तितका नाही. जगभरच्या फुटबॉलचे नियम आयएफएबी हे मंडळ ठरवतं आणि त्याच्या पुस्तकात ऑफसाइड हा 11 वा नियम. आपल्या सहकाऱ्याचा चेंडूला पाय लागला त्या क्षणी खेळाडूच्या डोक्याचा, धडाचा किंवा पायाचा कुठलाही भाग समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि तो चेंडूच्याही पुढे आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागेवर आहे. हात मोजायचे नाहीत, गोलकीपरचेसुद्धा नाहीत. बरोबरीच्या रेषेत असला तर ऑफसाइड नाही. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यांच्यावरून थेट चेंडू आला तर ऑफसाइड नाही. आणि नुसतं ऑफसाइड जागेवर उभं राहणं हा गुन्हाच नाही. तिथून त्याने चेंडू खेळला, समोरच्याला अडवलं, गोलकीपरच्या नजरेआड उभा राहिला, किंवा खांबाला लागून परत आलेल्या चेंडूचा फायदा उठवला, तरच शिट्टी वाजायची आणि अप्रत्यक्ष फ्रीकिक द्यायची.

हे सगळ्या क्रीडाशिक्षकांना पाठ असतं. घोटाळा होतो तो "त्या क्षणी" या दोन शब्दांवर.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. मैदानाच्या मध्यावर आठ नंबरच्या पायात चेंडू आहे. पुढे नऊ नंबर समोरच्या बचावपटूच्या बरोबर खांद्याला खांदा लावून उभा. आठ नंबर चेंडू उंच टाकतो आणि चेंडू पायावरून सुटतो तेव्हाच नऊ नंबर पळायला लागतो. चेंडू दीड सेकंद हवेत आहे. शाळकरी पोरगं सेकंदाला पाच मीटर सहज पळतं, म्हणजे चेंडू खाली येईस्तोवर ते सात-साडेसात मीटर पुढे गेलेलं असतं. बचावपटू जागेवरच हात वर करून उभा. मैदानाभोवतीची सगळी माणसं चेंडूकडे बघत होती. चेंडू खाली आला तेव्हा त्यांना दिसलं काय, तर एकटा नऊ नंबर आणि मागे राहिलेले बचावपटू. "ऑफसाइड!" असा एकच गलका होतो. त्या गलक्यात शिट्टी वाजते आणि एक चोख गोल बुडतो.

याची उलटी बाजूही तितकीच घडते. पास सुटताना नऊ नंबर दोन मीटर पुढे होता, चेंडू तोकडा पडला म्हणून तो माघारी पळत आला आणि बचावपटूंच्या अलीकडे येऊन त्याने चेंडू घेतला. प्रेक्षकांना वाटतं, आता तर तो मागे आहे, मग ऑफसाइड कसला? तो ऑफसाइडच. माघारी आल्याने जागा शुद्ध होत नाही. 2016 च्या नियमबदलानंतर तर फ्रीकिक त्याने जिथे चेंडू खेळला तिथून द्यायची, मग ती जागा त्याच्या स्वतःच्या अर्ध्या मैदानात का असेना. हे पाहिलं की मैदानाबाहेरचे जाणते पंचालाच वेड्यात काढतात.

तिसरा घोटाळा "शेवटून दुसरा" या मोजणीचा. बहुतेक ठिकाणी तो "शेवटचा डिफेंडर" असा शिकवला जातो, कारण शंभरातल्या नव्वद वेळा गोलकीपर मागे असतोच. उरलेल्या दहा वेळांत सगळं फसतं. कॉर्नर आला, गोलकीपर गर्दीत पुढे धावला, चेंडू त्याच्या हातून सुटून डी-च्या टोकाला असलेल्या आक्रमकाकडे गेला. आता गोलरेषेवर एकच बचावपटू खांबाला टेकून उभा आहे आणि गोलकीपर सहा मीटर पुढे. या घडीला शेवटून दुसरा खेळाडू आहे गोलकीपर. त्याच्या आणि रेषेवरच्या बचावपटूच्या मध्ये थांबलेल्या आक्रमकाकडे चेंडू गेला तर तो ऑफसाइड, समोर एक बचावपटू उभा दिसत असला तरी. शालेय सामन्यात हा झेंडा वर गेलेला मी क्वचित पाहिला आहे.

कॉर्नरचीच आणखी एक गोष्ट. थेट कॉर्नरवर ऑफसाइड नाही, हे पोरांना इतकं पक्कं ठाऊक असतं की कॉर्नर मारणारा जवळच्या गड्याला छोटा पास देतो आणि पास परत घेण्यासाठी तिथेच कोपऱ्यात थांबतो. दुसरा पास मिळताना तो जवळपास गोलरेषेवरच असतो, म्हणजे बहुधा ऑफसाइड. सवलत पहिल्या किकपुरती होती.

समोरच्याच्या पायाला चेंडू लागला तर काय, हा प्रश्न मात्र खरंच अवघड आहे आणि त्यावर जगातल्या मोठ्या पंचांचंही एकमत व्हायला वेळ लागला. नियम म्हणतो, बचावपटूने चेंडू जाणूनबुजून खेळला असेल तर ऑफसाइड पुसला जातो. नुसता लागून वळला, किंवा गोल वाचवताना अडवला, तर पुसला जात नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये मिलानला नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या एमबापेने स्पेनविरुद्ध जिंकून देणारा गोल केला. पास सुटताना तो पुढे होता, पण मध्ये स्पेनच्या एरिक गार्सियाने पाय लांबवला आणि चेंडू त्याला निसटता लागला. पंचांनी ते जाणूनबुजून खेळणं धरलं, गोल दिला आणि युरोपभर ओरड झाली. पुढच्या वर्षी आयएफएबीने खुलासा केला: चेंडू लांबून येत होता का, स्पष्ट दिसत होता का, बचावपटूला अंग सावरायला वेळ होता का, चेंडूवर ताबा मिळण्याची शक्यता होती का, हे पाहा. शेवटच्या घडीला जिवाच्या आकांताने मारलेली लाथ म्हणजे जाणूनबुजून खेळणं नव्हे. आपल्याकडच्या 14 वर्षांखालील सामन्यांत तर निम्मे पाय असेच पडतात, तेव्हा हा खुलासा एमबापेपेक्षा आपल्याच जास्त कामाचा आहे.

नियम असा का आहे, हे पोरांना सांगितलं की तो लवकर पचतो. 1863 मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक खेळाडू ऑफसाइड धरला जाई. म्हणजे पुढे पास देणंच अशक्य. चेंडू पायात ठेवून घुसायचं आणि बाकीच्यांनी मागून यायचं. 1866 मध्ये समोर तीन खेळाडू असतील तर चालेल असं झालं. 1907 मध्ये स्वतःच्या अर्ध्यात ऑफसाइड नाही असं ठरलं, 1920 मध्ये थ्रो-इनवरचा गेला. तरी तीनचा नियम बचावाला फारच सोयीचा होता. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनने तर पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडण्याचा धंदाच मांडला होता आणि सामने मधल्या पट्ट्यात अडकून पडत. शेवटी 1925 मध्ये तीनचे दोन केले. इंग्लिश लीगमध्ये आधीच्या हंगामात 4,700 गोल झाले होते, नियम बदलल्यावर 6,373 झाले. एका आकड्याने खेळ असा पालटल्याचं उदाहरण दुसरं नसेल. 1990 मध्ये बरोबरीच्या रेषेतला खेळाडूही मोकळा झाला. दीडशे वर्षांची ही वाटचाल पाहिली तर प्रत्येक मोठा बदल आक्रमकाच्या बाजूने झालेला दिसतो. पंचाने शंकेचा फायदा आक्रमकाला द्यावा, ही शिकवण याच दिशेची.

मग हा नियम काढूनच का टाकू नये? नांदेडकरांना हा प्रश्न परका वाटू नये. नांदेड हे हॉकीचं गाव. गुरू गोबिंदसिंगजींच्या नावाने होणाऱ्या अखिल भारतीय हॉकी स्पर्धेला देशभरातले संघ इथे येतात. हॉकीतही एकेकाळी ऑफसाइड होता. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने 1996 मध्ये तो प्रयोग म्हणून उठवला आणि 1998 मध्ये कायमचा काढला. हॉकी त्याने बुडाली नाही, उलट मैदान मोकळं झालं. पण हॉकीत गोल करायला चेंडू डी-मध्ये येऊनच मारावा लागतो, लांबून टोलवता येत नाही. तो बंधारा तिथे मुळातच आहे. फुटबॉलमध्ये ऑफसाइड काढला तर दोन उंच पोरं गोलकीपरच्या पुढ्यात उभी करून मागून चेंडू ढकलत राहणं हाच खेळ उरेल. आपल्या पावसाळी मैदानांवर तर लगेच. फुटसालमध्ये ऑफसाइड नाही, कारण मैदान छोटं, खेळाडू पाच. लहान पोरांच्या छोट्या मैदानावरच्या सामन्यांतही अनेक देश तो लावत नाहीत. पण अकरा जणांच्या पूर्ण मैदानावर तो लागतोच, असं माझं मत आहे.

प्रश्न नियमाचा नाही, नजरेचा आहे. 2000 साली ॲमस्टरडॅमच्या राऊल औडेयान्स आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की लाइनमनच्या चुकांचं मोठं कारण तो कुठे उभा आहे हे असतं. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या नेमक्या रेषेत न राहता तो थोडा पुढे-मागे असला की पलीकडचा खेळाडू तिरक्या नजरेत पुढे किंवा मागे सरकलेला दिसतो. 2004 मध्ये स्पेनमधल्या मुर्सियाच्या फ्रान्सिस्को बेल्दा मारुएन्दा या डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याच्याही पुढे जाऊन म्हटलं की दोन आक्रमक, दोन बचावपटू आणि चेंडू एवढं सगळं एकाच वेळी टिपणं डोळ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. डोळा एकावरून दुसऱ्यावर जाईस्तोवर क्षण सरतो. आक्रमक पुढे आणि बचावपटू उलट दिशेने, दोघेही सेकंदाला पाच मीटर पळत असतील तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात त्यांच्यातलं अंतर एक मीटरने बदलतं. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

मोठ्या फुटबॉलने यावर यंत्रं आणली. 2022 च्या कतार विश्वचषकात छताखाली 12 कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपले जात आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता. 22 नोव्हेंबरला सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या अर्ध्यात तीन गोल ऑफसाइडने गेले, त्यातला एक लाउटारो मार्टिनेझच्या खांद्याच्या काठावरून, आणि सामना सौदीने 2-1 ने जिंकला. घराघरांत तो पाहिला गेला. तेव्हापासून आपल्या मैदानावरचं पोरगंही पंचाकडे बघून हवेत चौकोन काढून दाखवतं, व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय द्या म्हणून. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये 2024-25 च्या हंगामापर्यंत व्हीएआर आला नव्हता, हे त्याला कोण सांगणार!

यंत्र हदगावला येणार नाही आणि त्याची गरजही नाही. लाइनमनचं काम जुन्या पद्धतीने नीट केलं तरी बहुतेक वाद मिटतात. ते काम म्हणजे काय? शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत राहायचं, चेंडू त्याच्याही पुढे गेला तर चेंडूच्या रेषेत. तोंड मैदानाकडे ठेवून आडवं सरकायचं, पाठ फिरवून पळायचं ते फक्त लांबच्या दौडीला. चेंडूकडे टक लावायची नाही. नजर रेषेवर, आणि पास सुटल्याचा आवाज कानाने पकडायचा. चिखलातल्या चेंडूवरही लाथेचा थप्प आवाज येतो, सवयीने तो कळतो. मग लगेच झेंडा नाही, चेंडू कोणाकडे जातो ते पाहायचं. ऑफसाइड जागेवरच्याने खेळला तर झेंडा सरळ वर, आणि पंचाची शिट्टी वाजली की तो खाली आणून जागा दाखवायची: पलीकडची बाजू असेल तर तिरपा वर, मध्ये असेल तर आडवा, आपल्याकडची असेल तर तिरपा खाली.

प्रत्यक्षात होतं असं: पंच एकच, तोही सकाळपासूनचा तिसरा सामना घेणारा. फक्की पावसाने वाहून गेलेली. दोन्ही बाजूंना झेंडा धरायला दोन्ही शाळांचा एकेक राखीव खेळाडू, कुठे झेंडा नसेल तर रुमाल. तो पोरगा मध्यरेषेजवळ उभा राहून चेंडूकडे बघतो आणि मागून त्याचे सर सांगतील तेव्हा हात वर करतो. त्याला दोष कसा द्यायचा? आपल्याच संघाविरुद्ध झेंडा वर करायला सांगणं हा त्या पोरावर अन्यायच आहे. अमेरिकेत अशी वेळ आली की संघाने दिलेल्या लाइनमनला चेंडू बाहेर गेला की नाही एवढंच सांगायचा अधिकार असतो. ऑफसाइडचा निर्णय पंचाचा एकट्याचा. तिथल्या शालेय फुटबॉलमध्ये तर लाइनमन नसतील तेव्हा दोन शिट्ट्यांचे दोन पंच मैदान वाटून घेण्याचीही मुभा आहे. आयएफएबीच्या नियमांत ही दोन पंचांची पद्धत बसत नाही, पण पहिली गोष्ट आपण आजही करू शकतो.

एकट्या पंचालाही काही साधता येतं. मध्यवर्तुळात खिळून राहण्यापेक्षा तो कडेला सरकून खेळाच्या पुढच्या टोकाशी राहिला तर निदान कोन सुधारतो. आणि जे दिसलं नाही ते देऊ नये, हे पथ्य. गलक्यावरून दिलेला ऑफसाइड हा सगळ्यात वाईट निर्णय, कारण पुढच्या सामन्यात प्रत्येक बाजू आणखी मोठ्याने ओरडते.

प्रशिक्षकांशीही एक भांडण आहे. जिल्हा पातळीवर काही संघ ऑफसाइड ट्रॅप शिकून येतात. मागची चार पोरं एकदम पुढे सरकतात आणि हात वर करून उभी राहतात. चांगल्या लाइनमनशिवाय हा सापळा म्हणजे जुगार आहे. झेंडा आला तर पोरं शिकतात की पळण्यापेक्षा हात वर करणं सोपं. नाही आला तर गोल बसतो आणि उरलेला सामना पंचाशी हुज्जत घालण्यात जातो. 17 वर्षांपर्यंत तरी पोरांना अंगाला भिडून राखायला आणि शिट्टी वाजेपर्यंत खेळायला शिकवावं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळाचा सामना बघत मोठं झालेलं पोरगं हे न शिकवताही शिकतं. नियमाची समज तिथे घरातूनच येते. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. मराठवाड्यात ती परंपरा नाही. त्या विश्वचषकाआधी 15 सप्टेंबर 2017 ला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळला गेला, आपल्याकडेही चेंडू आले. चेंडूंबरोबर नियम शिकवणारी माणसं मात्र गावोगाव पोचली नाहीत.

ही उणीव भरायला मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या आवारात सराव सामने लहान मैदानावर, सात-सात जणांचे, ऑफसाइडशिवाय खेळवा. पोरांचा पाय चेंडूला लागू द्या. अकरा जणांच्या सामन्याला मात्र नियम पूर्ण लावा आणि तटस्थ लाइनमन द्या. ते कुठून आणायचे? अकरावी-बारावीतल्या, स्पर्धा संपलेल्या खेळाडूंतून. हाताशी झेंडा, एक दिवसाचा सराव आणि दिवसाचा भत्ता एवढ्यावर ते तयार होतात, आणि त्यांतलाच एखादा उद्या पंचांची परीक्षा देईल.

दरवर्षी मोसमाआधी क्रीडाशिक्षकांची सहविचार सभा होते. तिथे तारखा, वयाचे दाखले आणि प्रवेश अर्ज यांतच वेळ जातो. यंदाच्या सभेत एक तास सभागृहाबाहेर, मैदानावर काढा. चार बचावपटू, दोन आक्रमक, एक लाइनमन उभे करा आणि प्रत्येक शिक्षकाला आळीपाळीने झेंडा हातात द्या. आणि कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक सामन्यापुढे पंचाच्या नावाखाली, दोन्ही शाळांबाहेरच्या दोन लाइनमनची नावंही छापा.